तूरडाळीत पुरलेलं औषध

मी गोळ्यांचं पाकीट बोलतोय. नेकनूरच्या कल्याणरावांच्या घरी, तूरडाळीच्या डब्यात पडून आहे. अर्धं वापरलेलं. मला दया नको. झालं ते ऐका.

कल्याणरावांचं किराणा दुकान. त्यांची मुलगी शिवांजली बसल्या जागी झोपायची. हसली की गुडघे सुटायचे आणि कोसळायची. लोक मिरगी म्हणायचे, नाकाला चप्पल लावायचे. पडल्यावरही तिला सगळं ऐकू यायचं. ते कुणी विचारलंच नाही.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मला लिहून दिलं. म्हणाले, "गोळी उदासीवरची आहे, पण हसताना अंग गळतं तेही थांबवते. मनानं बंद करू नका, त्रास उसळून येईल."

झोप बरीचशी तशीच राहिली. पडणं थांबलं. शिवांजली दुकानात उभी राहून खळखळून हसायला लागली.

"हळू हस गं, गिऱ्हाईक पळंल," आई मल्लम्मा म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मग मांजरसुंब्याच्या संगमेश्वरचं स्थळ आलं. आत्या भिवराबाईनं मला उलटंपालटं करून पाहिलं.

"दादा, ह्या डोक्याच्या गोळ्या हायत. पाव्हण्यांनी बघितल्या तर पोरीला येडी म्हणतील."

"साखरपुडा होऊस्तोर बंद," कल्याणराव म्हणाले.

"अप्पा, डॉक्टर न्हाई म्हणलेत."

"डॉक्टर करणार हाय का लगीन तुझ्यासंग?"

त्यांनी मला डाळीत खुपसलं.

साखरपुडा घरीच झाला. मी डब्यातून ऐकत होतो. बायकांनी उखाण्याचा हट्ट धरला. शिवांजली म्हणाली, "पोत्यात भरली साखर, डब्यात ठेवला गूळ, संगमेश्वररावांना लागलं माझं खूळ."

"अगं बया, आत्तापासूनच?" कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. तीही हसली.

धप्प आवाज आला.

"चप्पल आणा," मुलाची आई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मिरगीची पोर गळ्यात बांधत होते आमच्या. उठा समदे."

जमिनीवर पडून शिवांजलीनं प्रत्येक शब्द ऐकला.

आता ती हसत नाही. कुणी गमतीचं बोलू लागलं की उठून आत जाते. म्हणून पडतही नाही. कल्याणराव गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगतात, "बिगर गोळीची बरी झाली बघा."

मल्लम्मा रोज डाळ काढते. तिची बोटं मला लागतात. ती क्षणभर थांबते, मला बाजूला सारते, वाटी भरते, झाकण लावते.

बाई, एक दिवस डाळ राहू द्या. मला वर काढा आणि पोरीला घेऊन डॉक्टरकडं जा. ती बरी झालेली नाही. गप झाली आहे.