भरीव

आमचा दादा बहिरा होता, पण तसं म्हणायची सोय नव्हती. यंत्रमागाच्या खडखडाटात डावा कान साफ गेलेला आणि उजवा आपल्या मर्जीने चालायचा. ऐकू आलं नाही तरी "काय म्हणालात?" असं विचारणं त्याला नाक कापल्यासारखं वाटे. तो नुसती मान डोलवायचा. त्यावर मी हसायचे, चिडायचे. पण त्या मान डोलवण्यावर घर उभं राहील असं कधी वाटलं नव्हतं.

जागा बघायला आई, दादा आणि मी गेलो होतो. चाळीच्या वरच्या मजल्याचा जिना आईला दम्यामुळे चढवेना, आणि पत्र्याच्या डब्यांत मिरच्या लावून तिची हौस फिटत नव्हती. जागेचा मालक विटांची भट्टी चालवायचा. मी आणि आई कडेला सावलीत बसलो. मधोमध उभं राहून मालकाने पायाने जमीन दाखवत काहीतरी सांगितलं, दादाने मान डोलवली आणि खुशीत परत आला.

"जमीन भरीव आहे. त्याने आपल्या तोंडाने सांगितलं."

गवंडी म्हणाला, "आधी एक खोल खड्डा घेऊन बघू, खाली काय लागतंय ते."

"भरीव जमीन उगाच कशाला उकरायची?" दादाने त्याला हसण्यावारी नेलं. पाया वरच्यावर झाला. भरीव हा शब्द तर त्याला इतका आवडला होता की येईल-जाईल त्याला तो ऐकवायचा.

मागची खोली आईला दिली, खिडकीबाहेर तिचं अंगण. तिथे खुरप्याला कपाचा कान लागला, मग फरशीचे तुकडे, चपलेचा तळ. "कुणाचा संसार पुरलाय गं इथं?" असं ती म्हणायची आणि आम्ही दात काढायचो. मिरच्या काही धरल्या नाहीत. घातलेलं पाणी कुठे गडप व्हायचं ते कळत नसे.

पावसाळ्यात मागच्या भिंतीला तडा गेला. दादाने त्यात सिमेंट भरलं. मग आईच्या खोलीचं दार अडकायला लागलं. "लाकूड फुगलंय," म्हणत त्याने रंधा मारला, तरी ते अडकलंच. एका दुपारी माझं डोकं फिरलं आणि मी तणतणत भट्टीवर गेले.

"फसवलंत आम्हाला!"

"अहो ताई, मी काही लपवलं नाही," मालक म्हणाला. "तिथली माती काढून आम्ही विटा पाडल्या, मग खड्ड्यात पाडलेल्या घरांचा राडारोडा टाकला. तुमच्या भावाला मी स्पष्ट सांगितलं होतं, भरावाची जमीन आहे, पाया खोल न्या. त्यांनी मान डोलवली की!"

भराव आणि भरीव. एका कान्याचा आणि एका वेलांटीचा फरक. दादाला फाडून खायचं ठरवूनच मी घरी आले.

तो पुढच्या खोलीत पेपर वाचत बसला होता.

"आई कुठंय?"

"झोपलीय. आवाज नाही तिचा."

तिचा दम्याचा पंप स्वयंपाकघरातल्या फळीवर दिसला तशी मी तिच्या खोलीकडे धावले. मी दार ढकललं. चौकट तिरकी होऊन दाराच्या डोक्यावर बसली होती. मी खांदा लावला, मग दादाने लाथा घातल्या, तेव्हा ते वीतभर सरकलं. पलीकडे आई पडली होती. तिच्या हाताच्या मुठी सोलून निघाल्या होत्या आणि दाराच्या आतल्या बाजूला रक्ताचे डाग होते.

भांडण माझ्या घशातच राहिलं. ज्याची आई गेली त्याच्याशी काय भांडायचं? आणि माझीही तीच आई होती.

भेटायला येणारे आले आणि गेले. ते जे बोलले त्यावर दादाने मान डोलवली. सगळे गेल्यावर तो त्या दारापाशी जाऊन बसला. डाग अजून पुसले नव्हते.

"मला हाक मारत असेल ना गं ती? काय म्हणत असेल?"

त्याची कीव येत होती आणि रागही येत होता. मी त्याच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "अरे, दार उघड."

दादाने उजव्या कानामागे हात धरला. जन्मात पहिल्यांदा.

"काय म्हणालीस?"