रोसाचेडत्तीची मूठ

"चेची, रेषा वर गेली! हलवा कधी देताय?" संख्याशास्त्राच्या श्रीकुमारसरांनी संगणक थ्रेसियाकडे वळवला. वयाने मोठी म्हणून ते तिला चेची, म्हणजे ताई, म्हणत.

थ्रेसियाने डोळे किलकिले केले. त्रिशूरच्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून तिची उभी हयात गेली, आणि निवृत्ती तोंडावर असताना बाईने एम.एस्सी.चं खूळ डोक्यात घेतलं. विषय साधाच होता. रोज सकाळी तासभर रबरी चेंडू दाबला, तर म्हाताऱ्यांच्या मुठीचा जोर चढतो का? दर महिन्याला तिने प्रत्येकाची मूठ यंत्रावर मोजली होती. कल चढता निघाला, तर आश्रमाचे पाद्री, अच्चन, तो तास चालू ठेवणार होते. नाहीतर त्या वेळात टीव्ही लागणार होता.

आता रेषा वर गेली, तर आनंद का होईना? तिला तर सैल पडत गेलेले हातच आठवत होते.

"सर, यात माणसं इतकी कमी कशी? मी तर कितीतरी जास्त मोजली."

"ज्याचा एक जरी महिना रिकामा राहिला, त्याला हा संगणक घेत नाही."

"म्हणजे तेवढा महिना गाळतो?"

"माणूसच गाळतो, चेची. अख्खा."

आश्रमातली रोसाचेडत्ती शेवटच्या मोजणीआधी वारली होती. लग्नघरी नारळ खवण्यात जन्म गेलेली म्हातारी. "चेंडू कसला देतेस? नारळ आण, नारळ!" म्हणून टोमणे मारायची. यंत्र झालं की थ्रेसियाचा हात धरायची. "त्याला काय कळतंय? हात दे इकडे, पोरी." आणि थ्रेसियाच्या बोटातली अंगठी रुतेपर्यंत दाबायची. शेवटी शेवटी मात्र तिची बोटं नुसती टेकायची.

"मेली म्हणून तिचे आधीचे महिनेपण गेले?" थ्रेसियाचा आवाज चढला. "हा कुठला न्याय?"

"दुसरी रीत आहे. जेवढं मोजलंय तेवढं धरून सगळ्यांना आत घेते. पण विचार करा. जे खचले तेच गळलेत. ते आत आले की रेषा खाली येणार. हीच छापली, तर परीक्षक हूं की चूं करायचे नाहीत."

घरी नवरा पौलोस मासा साफ करत म्हणाला, "वर गेली ना? मग तोंड का पाडलंयस?" तिला सांगता येईना. तास वाचवावा, की म्हातारी? रात्रभर तिच्या डोक्यात नुसता गोंधळ चालला होता.

सकाळी ती सरांना म्हणाली, "घ्या सगळ्यांना."

रेषा थोडी चढली, मग वाकली आणि उतरत गेली.

"म्हणजे चेंडूचा उपयोग झालाच नाही?"

"तसंही म्हणता येत नाही. चेंडू नसता तर आणखी उतरली असती का, ते आपण मोजलंच नाही."

"अहो, मग इतकं करून कळलं काय?"

सरांनी डोकं खाजवलं. "खरं सांगू? मलाही नीट कळलेलं नाही."

अच्चननी कागद उलटसुलट करून पाहिला. "वाकलीच की गं, थ्रेसिया," ते हळहळले. सोमवारपासून टीव्ही ठरला. आपण खरेपणा केला की पायावर धोंडा पाडून घेतला, हे थ्रेसियाला अजून उमगत नव्हतं.

सोमवारी तिने चेंडू पोत्यात भरले. समोर मालिका मोठ्याने चालली होती. खुर्चीतल्या म्हाताऱ्या कुरियनअप्पापननी पडद्यावरची नजर न काढता सवयीने हात पुढे केला आणि चेंडूची वाट पाहत तसाच धरून ठेवला.

पोत्याचं तोंड बांधून झालं होतं. थ्रेसिया त्यांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांच्या तळव्यात आपला हात ठेवला. त्यांनी तो दाबला. अंगठी रुतली.