कोपऱ्यातला लाल ठिपका

"जुनी पाकिटं पोरांच्या हाती देऊ नका हं, ताई," संग्रहालयात नमुन्यांची पाकिटं सांभाळणारे पाकीटवाले काका निवृत्तीच्या दिवशी, त्यांची जागा घेणाऱ्या तिला म्हणाले होते. तिनं "हो हो" केलं आणि विसरली. काकांचे हात इतके थरथरायचे, की चहा कपात कमी आणि टेबलावर जास्त. 'सकाळीच लावून येतात' म्हणून अख्खं संग्रहालय हसायचं. त्या दिवशी तर संचालकांनी त्यांना कपबशांचा संच भेट दिला आणि सगळे पोट धरधरून हसले. तीसुद्धा.

आता संग्रहालयातल्या काकांच्या तळघरात ती बसायची, दगडफुलांच्या संग्रहात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. शेवाळ उन्हात राबून दोघांचं पोट भरतं, बुरशी घर धरून बसते. शास्त्रात नाव लागतं ते बुरशीचं. संचालक या 'सहजीवना'वर भाषणं देत. भाषण ती लिहायची.

प्रदर्शन आलं. "ही कळकट पाकिटं लोकांना दाखवायची?" संचालकांनी नाक मुरडलं. आठवडाभर मान मोडून तिनं दोनशे नमुने पांढऱ्या पाकिटांत हलवले. पाकिटांवर सही अर्थातच साहेबांची.

"आणि जुनी?"

"खोक्यात आहेत, सर."

"कागद बघा कसला दणकट! पाळणाघरात द्या. पोरं चित्रं काढतील."

साहेबांचं औदार्य! खोकं तिनंच उचलून दिलं. संग्रहालयाच्याच पाळणाघरात, जिथं तिची तीन वर्षांची लेक होती. लेक शिंकली तर ती घाबरायची, शिंकली नाही तरी घाबरायची. एवढी डोळ्यांत तेल घालून जपणारी आई.

दुपारी नव्या पाकिटांची नोंद करायला तिनं काकांची वही उघडली. पहिल्याच पानावर लिहिलेलं: 'पाकिटाच्या कोपऱ्यात लाल ठिपका म्हणजे आत पाऱ्याच्या विषात बुडवलेला नमुना. कीड लागत नाही. कागदातही विष उतरतं.' अक्षर मोत्यासारखं. तिनं पानं उलटली. दहाव्या वर्षी मोती डगमगले, विसाव्या वर्षी वेडेवाकडे झाले, तिसाव्या वर्षी नुसत्या मुंग्या.

जिना ती कशी चढली, देव जाणे.

पाळणाघरात होड्यांचा कारखाना जोरात होता. तिची लेक एका होडीचं टोक चघळत होती. टोकाला लाल ठिपका.

"थुंक! आधी थुंक!"

"आई, माझी होडी..."

सगळ्या पोरांचे हात धुतले, तोंडं धुतली, होड्या पिशवीत बांधल्या. संचालक दारात येऊन कुजबुजले, "बोभाटा नको. सांभाळून घ्या. सहजीवन आहे हे."

"सर, सांभाळायचं शेवाळानं आणि मिरवायचं बुरशीनं?" ती म्हणाली आणि सगळ्या आईबापांना तिथूनच फोन लावले.

डॉक्टरांनी पोरं तपासली. थोडक्यात निभावलं होतं. "पण हे वर्षानुवर्षं हाताळत कोण होतं?" त्यांनी सहज विचारलं. "पाऱ्यानं हात थरथरायला लागतात."

तिनं काकांचा पत्ता शोधून काढला.

संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन ती काकांच्या दारात उभी राहिली. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. कडी हातात ठरेना. आत कपबशांचा संच, खोकंही न फोडलेला.

"काका, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचंय."

"कशाला? पोरगी बरी आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: ज्याच्या थरथरत्या हातांना तुम्ही हसलात, असा कुणी तुमच्याही ओळखीत असेल. आजच जा, आणि ते हात आयुष्यभर काय हाताळत होते, ते विचारून या.