पाळकसाहेबांची कवळी

दातांच्या डॉक्टरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणीही खुर्चीत बसून म्हणालं, "मध्यंतरी फार दुखत होतं हो, पण आता थांबलंय," की डॉक्टर कपाळाला हात लावायचे. "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं नव्हे! आतली नस मेली! दुखत होतं तेव्हा कुठे होतात?" वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईंना हे इतकं पाठ होतं, की डॉक्टरांचा घसा बसला की ते त्याच म्हणून टाकायच्या.

सोमवारी सकाळी हे वाक्य किराणावाल्यांच्या वाट्याला आलं. गडी एरवी पोत्यांवर पोती उचलणारा, पण डॉक्टरांच्या हातातली सुई दिसली की तोंडचं पाणी पळायचं. सात महिन्यांत चारदा वेळ घेऊन चारही वेळा जिन्यातूनच परत गेलेले. "शुक्रवारी पाच वाजता, आणि या वेळी याच!" असं डॉक्टरांनी बजावल्यावर ते "येतो, येतो" करत असे सुटले, की एक चप्पल दवाखान्यातच राहिली.

ती चप्पल द्यायला बाई जिन्याकडे गेल्या, तर दारात चर्चचे पाळकसाहेब उभे.

ऐंशी वर्षांचे, काठीसारखे सरळ, आणि उजव्या हाताचा अंगठा तोंडात. बाईंना वाटलं, म्हातारपणी काय काय होईल सांगता येत नाही. पण कवळीचे मधोमध दोन तुकडे झाले होते आणि साहेबांनी ते अंगठ्याने टाळूला दाबून धरले होते. तसेच ते आत आले आणि भर दवाखान्यात, चार पेशंटांसमोर म्हणाले, "काय रे भुंग्या?"

सत्तावन्न वर्षांचे डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. रविवारच्या शाळेत त्यांना हे नाव पडलं होतं. लहानपणी एखादा प्रश्न डोक्यात शिरला की पाळकसाहेबांच्या मागे भुंगा लावायचे. बायबलातल्या नोहाच्या तारवात वाळवी होती का, आणि असेल तर तारू बुडालं कसं नाही, यावर त्यांनी एक अख्खा महिना खाल्ला होता.

"शनिवारी लेकीकडे चाललोय," साहेब अंगठा सावरत म्हणाले. "कायमचा. जायच्या आधी तुझं एक उत्तर द्यायचंय. सत्तेचाळीस वर्षं राहिलंय."

कुठलं उत्तर, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. ते दहा वर्षांचे असताना धाकटी बहीण तापाने गेली. तिचा ताप उतरावा म्हणून त्यांनी अकरा दिवस गुडघे टेकून प्रार्थना केली होती, अगदी मनापासून, एकही दिवस न चुकवता. दफनाच्या दिवशी पाळकसाहेबांच्या झग्याला धरून त्यांनी विचारलं होतं, "मी एवढं मागितलं, मग देवाने ऐकलं का नाही?" साहेब म्हणाले होते, "मोठा झालास की कळेल."

पोरगं शहाणं. मोठं व्हायची वाट बघत बसलं. आधी परीक्षा झाल्या की बघू, मग दवाखाना उभा राहिला की बघू, मग मुलांची शिक्षणं, मग मुलांची लग्नं. अलीकडे बायको विचारायची, "रविवारी येता का चर्चला?" तर उत्तर ठरलेलं, "निवृत्त झालो की सगळं निवांत बघणार आहे. देव काय, येशू काय, एकदाच काय तो सोक्षमोक्ष." लग्नाला आणि अंत्यविधीला तेवढे जायचे आणि दाराजवळच्या बाकावर बसायचे, म्हणजे उठायला बरं. आता निवृत्तीला तीन वर्षं असताना हे उत्तर स्वतः जिना चढून आलं होतं.

"तोंड उघडा बघू," ते घाईघाईने म्हणाले, आणि साहेब पुढचं वाक्य सुरू करायच्या आत त्यांनी दोन्ही तुकडे काढून घेतले. "छे छे! ही गेली कामातून. नवीनच करावी लागेल."

बाईंनी मान वर करून बघितलं. मधून तुटलेली कवळी कारागिराकडे दिली तर दोन तासांत जोडून मिळते, हे दवाखान्यातल्या झुरळालाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी बाईंची नजर चुकवली, तुकडे खणात टाकले आणि खण बंद केला.

बिनदातांचे साहेब काहीतरी म्हणाले. नुसता वारा आला.

"बोलू नका, हिरड्यांना त्रास होईल," डॉक्टर म्हणाले. अहो, हिरड्यांना बोलून कधी त्रास झालाय का! पण घाबरलेला माणूस काय वाटेल ते बोलतो.

माप घेतलं. बुधवारी मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायचे होते. ते इतके नेमके बसले की बाई "वा!" म्हणून गेल्या. साहेबांनी जीभ फिरवली, घसा साफ केला आणि म्हणाले, "भुंग्या, त्या दिवशी..."

"चावा चुकतोय!" डॉक्टर ओरडले आणि दात काढून घेतले. "पुन्हा करायला हवं. उद्या या."

गुरुवारी पुढचे दात त्यांना लांब वाटले. काढले. तासाभराने रंग पिवळट वाटला. काढले. साहेब बिचारे दर खेपेला एक शब्द जास्त बोलून घ्यायचे, आणि दर खेपेला त्यांचा आवाज डॉक्टरांच्या खिशात जायचा. बाईंनी सुचवलं, "साहेब, कागदावर लिहून द्या ना." साहेबांनी ठाम मान हलवली. चिठ्ठीवर देण्यासारखं ते काम नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते बाकावर बसून राहिले आणि जाताना डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्या हाताने डॉक्टरांची झोप उडाली. आपण एका म्हाताऱ्याला छळतोय हे त्यांना कळत होतं, लाजही वाटत होती, पण त्या उत्तराची भीती लाजेपेक्षा मोठी होती. उत्तर खोटं निघालं तर? आणि खरं निघालं तर?

शुक्रवारी पाच वाजता नवल घडलं. किराणावाले आले. धाप लागलेली, घाम फुटलेला, पण आले आणि बाहेरच्या बाकावर खिळल्यासारखे बसले. आत साहेब खुर्चीत होते. डॉक्टरांनी नवीन कवळी उजेडात धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली आणि सुस्कारा सोडला. "नाही जमलं. साहेब, तुम्ही लेकीकडे पोचा, मी कुरिअरने पाठवतो."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी पदराखालून रुमाल काढला आणि उलगडला. आत जुनी कवळी होती, जोडलेली, घासलेली, चकचकीत. "दुपारी खणातून काढून नेली. कारागिराने दीड तासात दिली. तुम्ही काय बोलायचं ते बोला मला, पण पाच दिवस देवमाणसाला मुकं करून ठेवलंत. मला बघवेना." आणि त्यांनी ती सरळ साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी कवळी बसवली. टक् असा आवाज झाला. डॉक्टरांना पळायला जागा उरली नाही, कारण दारात बाई उभ्या होत्या.

"भुंग्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. "आजही माहीत नाही."

डॉक्टरांचं डोकं असं फिरलं म्हणता! "माहीत नाही? मग आलात कशाला? मी सत्तेचाळीस वर्षं वाट बघितली! मोठा झालास की कळेल म्हणालात! टक्कल पडलं माझं!"

"तेच सांगायला आलोय. मी थाप मारली. तेहतीस वर्षांचा होतो, एवढ्याशा शवपेटीसमोर उभं राहायची ती माझी पहिलीच वेळ. तुझा प्रश्न ऐकून घाबरलो. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडलो. तुझ्यासमोर रडायला हवं होतं. येशू नाही का मित्राच्या कबरेपाशी रडला? त्याला मेलेल्यांतून उठवणार आहोत हे माहीत असूनही आधी रडला. मी ते गाळलं आणि तुला 'नंतर ये' म्हणून वाटेला लावलं. प्रश्न घेऊन येशूकडे जा, त्याच्याशी भांड, त्याला जाब विचार, पण आज विचार, असं सांगायला हवं होतं. चुकलो रे. मला माफ कर."

डॉक्टर भिंतीला टेकले. जवळ दुसरं आसन नव्हतं, म्हणून साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी डॉक्टरांना हाताला धरून तिथे बसवलं. इतक्या वर्षांत डॉक्टर त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले होते. दिवा थेट डोळ्यांवर आला.

"दुखतं का रे अजून?" साहेबांनी विचारलं.

"नाही. ते केव्हाच थांबलं."

"दुखायचं थांबलं म्हणजे..." बाई सवयीने बोलून गेल्या आणि एकदम जीभ चावली.

डॉक्टर एवढासा चेहरा करून त्या दिव्याकडे बघत राहिले. "तिला ना, माझ्या हातूनच पाणी लागायचं," ते म्हणाले. "आईने दिलं तर प्यायची नाही. अकरा दिवस मी..." सत्तावन्न वर्षांचा माणूस दहा वर्षांच्या पोरासारखा हमसून हमसून रडला. पाळकसाहेब शेजारी उभे राहून रडले, आणि बाईंनी कापसाचा अख्खा गठ्ठा मध्ये ठेवला.

"दुखतंय," डॉक्टर शेवटी म्हणाले. "साहेब, फार दुखतंय हो."

"मग जिवंत आहे," साहेब म्हणाले. "हेच सांग येशूला. मी फोन करत जाईन, आपण हळूहळू..."

"हळूहळू नाही." डॉक्टरांनी त्यांची बाही धरली, लहानपणी झगा धरला होता तशीच. "प्रार्थना कशी सुरू करायची तेसुद्धा मी विसरलोय. आत्ता सांगा. बाई, बाहेर कोण असेल त्यांना आज सोडा."

बाई बाहेर आल्या. किराणावाले बाकाची कड दोन्ही हातांनी पकडून बसले होते आणि त्यांचे डोळे ओले होते.

"तुमची सुटका झाली," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना वेळ लागणार आहे. सोमवारी या."

किराणावाल्यांनी जिन्याकडे बघितलं. दोन्ही चपला पायातच होत्या.

"नको," ते म्हणाले. "बसतो मी. आणि ते दार जरा उघडंच राहू द्या."