एका माणसापुरता केक

“स्टील चालत नाही म्हटलं होतं ना बाबा. धातू आत गेला की ठिणग्या उडतातच,” असं म्हणत मधुकरनं घाईघाईनं मशीन बंद केलं, आणि ओसरीवर दाटीवाटीनं उभी असलेली मंडळी मागं सरकली. मशीनच्या दाराच्या काचेआड महादेवराव पाटलांचा चहाचा पेला एकटाच उभा होता. ओसरीभर जळकट वास सुटला होता. पाटलांनी मान डोलावली, जणू काही हे असंच होणार ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांना सगळंच आधीपासून ठाऊक असायचं.

तानबा खाली अंगणात, पायऱ्यांच्या बाजूला उकिडवा बसून हे बघत होता. मधुकर अकरा वर्षांनी अमेरिकेहून आला होता आणि येताना ही पेटी घेऊन आला होता. मायक्रोवेव्ह म्हणतात, जाळाशिवाय शिजवतं. सेलूच्या फाट्यावर एसटीतून उतरवलेलं ते खोकं काल तानबानंच डोक्यावरून आणलं होतं. विजेचा दाब कमी करणारा लोखंडी ठोकळा आणायला पुन्हा एक खेप. दोन्ही वेळा तो पायऱ्या चढून ओसरीवर गेला, मेजावर ओझं उतरवलं आणि खाली आला. डोक्यावर ओझं असेतोवर ओसरीला तो चालायचा. ओझं उतरलं की माणसानंही उतरायचं, असा त्या घराचा रिवाज होता, आणि तो कोणी कधी बोलून दाखवत नसे. बोलून दाखवायची गरजच पडत नसे.

आज अक्षय्य तृतीया होती. सालदारांचं साल आज ठरतं. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यानं सकाळी मालकाकडं यायचं, मालकानं बोली करायची, गड्यानं हो म्हणायचं, की पुढच्या तृतीयेपर्यंत तो त्या घराला बांधला गेला. तानबा तीस वर्षं याच घराला हो म्हणत आला होता. आजही सकाळीच येऊन बसला होता. पण पाटलांना मशीनपुढं फुरसत नव्हती.

“बस रे तानबा, हे झालं का मंग पाहू तुया सालाचं,” ते म्हणाले होते.

मधुकर तिथं काय करून दाखवत होता, तर केक. अमेरिकेत पहिली वर्षं तो एकटा राहायचा, दवाखान्यातून दमून आला की एका कपात मैदा, साखर, कोको पावडर, दूध, चमचाभर तेल आणि चिमूटभर खायचा सोडा घालून ढवळायचा आणि मशीनमध्ये ठेवायचा. दोन मिनिटांत चॉकलेटचा केक. एका माणसापुरता.

“एकाच माणसापुरता?” अन्नपूर्णाबाईंनी, त्याच्या आईनं, दारातून विचारलं. “मंग बाकीच्याइनं काय त्याच्या तोंडाकडे पाहाव?”

“तिथं बाकीचे नसतातच ना आई.”

“काय करा लागते मंग असल्या देशाले,” असं म्हणून त्या पुरणाकडं परत गेल्या.

आता अडचण कपाची होती. चिनी मातीचाच कप हवा, असं मधुकरचं म्हणणं. काचेचे पेले होते, पण ते पातळ, तडकतील. आणि चिनी माती त्या घरात नव्हतीच. अन्नपूर्णाबाईंचा त्यावर ठाम विचार होता. पितळ, तांबं, स्टील राखेनं घासलं की शुद्ध होतं. चिनी माती एकदा उष्टी झाली की जन्माची उष्टी. त्यामुळं कलेक्टर आला तरी या घरात चहा स्टीलच्या पेल्यातच घ्यायचा. गावात त्याचं कौतुकही होतं.

“मी बघतो,” म्हणत मधुकर हात धुवायला मागच्या अंगाला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कप होता. पांढरा, निळ्या फुलाचा, कान तुटलेला. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असायचा तो. स्वच्छ होता. असणारच, रोज दोन वेळा तानबा तो स्वतः धुऊन ठेवत होता.

तो तानबाचा कप होता. त्याची गोष्ट तानबाच्या मनात कधी नीट बसली नव्हती. त्याच्या बापाला या घरी चहा करवंटीत मिळायचा, तोही वरून ओतून. छप्पन साली तानबा बापाबरोबर चालत नागपूरला गेला, दीक्षा घेऊन परत आला. त्यानंतर त्यांच्या वस्तीनं मेलेली गुरं ओढणं सोडलं, कोणाचं उष्टं घेणं सोडलं. पुढं सालदार म्हणून लागला तेव्हा तानबा म्हणाला होता, करवंटीत चहा घेणार नाही. मोठा कल्लोळ झाला. शेवटी पाटलांच्या आईनं बाजारातून हा कप आणवला आणि गोठ्यात ठेवला. तानबाला तेव्हा वाटलं, आपण जिंकलो. छाती काढून घरी गेला होता. त्याची बायको भागीरथा मात्र ऐकून घेऊन म्हणाली होती, “करवंटी त करवंटी, फुलं काढली तिच्यावर, एवढंच झालं.” तो तिच्यावर चिडला होता. खरं बोलणाऱ्या बायकोवर माणूस चिडतोच.

“मधुभाऊ,” तानबा उठून उभा राहिला. “तो कप, भाऊ...”

“अरे हाच पाहिजे होता, एकदम बरोबर आहे,” असं म्हणत मधुकर पायऱ्या चढूनही गेला. कप कोणाचा ते अकरा वर्षांत तो विसरला असावा.

तानबाला दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. आवाज चढवता आला असता. तो परत बसला. त्याला वाटलं, बघू तर द्या. होऊ द्या एकदा.

मशीन गुणगुणलं. आत कप गोल गोल फिरायला लागला. मिश्रण फुगून कपाच्या वर आलं, ओसरीवर असा वास दरवळला की वाकून बघणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. मधुकरनं कप फडक्यात धरून बाहेर काढला आणि पहिला चमचा बापाला दिला.

पाटलांनी डोळे मिटून खाल्लं. “लय नरम हाय बापा,” ते म्हणाले. “गुरुजी, तुमी पाहा.”

लक्ष्मणराव गुरुजी निवृत्त हेडमास्तर. दर दोन ऑक्टोबरला शाळेत त्यांचंच भाषण व्हायचं, आणि शिवाशिव हा समाजाचा रोग आहे हे वाक्य ते अशा काही आवाजात म्हणत की मागच्या रांगेतली पोरंही गप्प होत. गुरुजींनी एक चमचा घेतला, दुसरा भरला.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या. त्यांनी केकाकडं पाहिलंच नाही, कपाकडं पाहिलं.

“हा कप कुठून आनला तू?”

“गोठ्यातून. कोनाड्यात होता.”

गुरुजींनी भरलेला चमचा हळूच कपात परत ठेवला, त्यांना घरी काहीतरी काम आठवलं, आणि ते चपला शोधायला लागले. पाटील मात्र सरळ पायऱ्या उतरले, तानबाच्या अगदी बाजूनं हौदाशी गेले आणि सगळ्यांदेखत खळखळून गुळण्या करायला लागले. एक, दुसरी, तिसरी. घशातून ओढून ओढून थुंकत होते. तानबा त्या प्रत्येक थुंकीकडं पाहत होता. त्या हौदाला पाणी त्यानं भरलं होतं, पाटील जो गहू खात होते तो त्यानं पेरला होता, सोंगला होता, पोती पाठीवर घेऊन घरात ओतला होता. गहू बाटत नव्हता. कप बाटत होता.

तोंड पुसत पाटील त्याच्याकडं वळले. “तुले दिसून नाई राह्यलं होतं काय? मुका होतास काय तू?”

“म्या सांगत होतो पाटील. भाऊनं आयकलं नाई.”

“नाई आयकलं त वरडून सांगाव माणसानं. काऊन नाई वरडला? मजा पाहून राह्यला होता काय आमची?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच. कप आणणारा अमेरिकेचा डॉक्टर, त्याला कोणी चकार शब्द बोललं नाही. आणि तानबाचा राग अशासाठी आणखी वाढला की पाटलांच्या बोलण्यात एक कण खरा होता. तो पाहतच होता.

वर ओसरीवर अन्नपूर्णाबाईंनी कामाला सुरुवात केली होती. त्यांनी गोमूत्राची वाटी आणि तुळशीचं डहाळं आणलं आणि त्या मशीनवर शिंपडायला निघाल्या.

“आई, पाणी नको टाकू, करंट आहे त्याच्यात,” मधुकर म्हणाला.

“मंग वायर काढ.”

तानबा मधुकरकडं पाहत होता. याला त्यानं खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवले होते. हा मुलगा शिकला, मुंबईला गेला, समुद्रापार गेला, तिथं म्हणे गोऱ्या माणसांची हृदयं तपासतो. तानबाला वाटलं, आता हा म्हणेल. काहीही म्हणेल. आई, राहू दे, एवढं तरी म्हणेल. तेवढ्यावरही तानबा आजचं साल धरायला तयार होता. त्याच्या अपेक्षा कधीच फार मोठ्या नव्हत्या.

मधुकरनं क्षणभर आईकडं पाहिलं, मग बापाकडं. मग तो वाकला आणि त्यानं वायर काढली.

अन्नपूर्णाबाईंनी डहाळ्यानं शिंपडलं. काचेवर, आतल्या फिरत्या ताटलीवर, लोखंडी ठोकळ्यावरही. पेटीच्या मागच्या फटींतूनही थेंब आत गेले. मधुकर मशीनकडं पाठ करून उभा राहिला.

शिंपडून झाल्यावर प्रश्न उरला कपाचा. त्यात अजून अर्ध्याहून जास्त केक होता. अन्नपूर्णाबाईंनी तो फडक्यात धरला, पायरीवर आणून ठेवला आणि बोटानं पुढं सरकवला. “घे रे तानबा, खाऊन टाक. फेकाव काय आता एवढं चांगलं? आन सालाचं पाटील सांगतेच तुले.”

मधुकरही खाली उतरला. त्याचा चेहरा पडला होता. “घे तानबा,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुझ्यासाठीच केला असं समज. आणि वाईट वाटून घेऊ नको. आई जुन्या वळणाची आहे, तुला तर माहीत आहे.”

तानबा उठला. त्याला पाटलांवर ओरडायचं होतं, हौदातलं पाणी उपसून टाकायचं होतं, त्या मशीनला लाथ घालायची होती. त्यातलं काही त्यानं केलं नाही. पण बोलायला लागला तेव्हा त्याच्या आवाजाला कापरं नव्हतं.

“आई जुनी हाय भाऊ,” तो म्हणाला. “वायर त तुमी काढली.”

मधुकर मान वळवून मशीनकडं पाहायला लागला.

“आन हे,” तानबानं कपाकडं पाहिलं, हात लावला नाही. “याच्यातून पाटलानं खाल्लं, गुरुजीनं खाल्लं. चमचा त्याइचा तसाच हाय अजून. आमी उष्टं खात नाई, बाई. छप्पन सालापासून आमच्या घरी कोनी उष्टं खाल्लं नाई. हे तुमाले म्याच आधी सांगाले पाह्यजे होतं.”

अन्नपूर्णाबाईंचा हात तोंडावर गेला. उष्टं हा शब्द आजवर त्या घरातून बाहेर जायचा, बाहेरून आत कधी आला नव्हता.

“जास्त बोलून राह्यला तू,” पाटील हौदापासून म्हणाले. “साल धराचं हाय का नाई तुले?”

“नाई.”

“काय म्हनला?”

“नाई म्हनलो पाटील. या साली म्या नाई.”

“कोनी उभं नाई करन तुले गावात. परत येशीन.”

तानबा वळला. अंगणातून मधोमध चालत तो फाटकाबाहेर पडला. रोज तो गोठ्याच्या बाजूनं, भिंतीकडनं जायचा.

घरी भागीरथा चुलीपुढं होती. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि भाकरी थापायची थांबली. “धरलं साल?”

“नाई.”

“पाटील नाई म्हनला?”

“म्या नाई म्हनलो.”

त्यानं तिला सगळं सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, मध्येच उठून, मध्येच बसून. वायरीपाशी आला तेव्हा त्याचा आवाज प्रथमच फुटला. भागीरथानं ऐकून घेतलं. तिला पुढचे सारे महिने समोर दिसत होते, कोणाकोणाच्या बांधावर मजुरीला जावं लागेल, कोण हाकलेल, कोण दया दाखवेल. तरी ती आता खायचं काय असं काही म्हणाली नाही, आणि करवंटीचं तेव्हाच सांगितलं होतं असंही म्हणाली नाही. “जेवून घे,” एवढंच म्हणाली.

तो जेवला नाही. बाजेवर पडून राहिला. ऊन कललं तसे तिकडून, पाटलांच्या गोठ्यातून, बैल हंबरायला लागले. पाणी पाजायची वेळ होती. आधी खिलाऱ्या, मग बांड्या. खिलाऱ्या तापट होता, परक्याला जवळ येऊ देत नसे. तानबा बाजेवर उठून बसला. हंबरणं वाढलं. सबंध वस्तीला ऐकू जात असावं.

“जनावराचा काय गुन्हा हाय,” भागीरथा म्हणाली. “पानी पाजून येजो. सालाचं राहू दे.”

“नाई.”

“उनात हाय ते.”

“मालकानं पाजाव. मालक हाय ना त्याइचा.” हे तो इतक्या जोरात बोलला की शेजारचं माणूस दारात येऊन पाहून गेलं.

तो दारात जाऊन उभा राहिला. चौकट त्यानं घट्ट धरली होती. हंबरडा आला की त्याचे पाय आपोआप निघायला बघत होते आणि तो त्यांना दाबून धरत होता. पाटलांच्या गुळण्यांनी जे झालं नव्हतं ते आता व्हायला लागलं, त्याचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्याला संताप आला.

मग खिलाऱ्या गप्प झाला. थोड्या वेळानं बांड्याही गप्प झाला. कोणीतरी पाणी दाखवलं होतं. म्हणजे तेही कोणाला तरी जमलं होतं.

तानबा तरीही बराच वेळ दारात कान देऊन उभा होता. भागीरथानं मागून येऊन त्याचा हात चौकटीवरून सोडवला.