मिश्रीच्या डबीतलं मशीन

माझ्या सासूला ऐकू येत न्हाय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण म्हणून त्याचा ठराव मांडायचा? हद्द झाली की!

आमची आत्ती, म्हंजे माझी सासू चिमणाबाई, गावच्या दूध संस्थेची अध्यक्ष. उपाध्यक्ष विश्वजित. त्यानं वार्षिक सभेच्या पत्रिकेत शेवटचा विषय घुसडला, 'अध्यक्षांना ऐकू येत नसल्याने कामकाजात अडचण येते, सबब नवीन अध्यक्ष निवडणे.' नवीन अध्यक्ष कोण, ते त्यानं लिवलं न्हवतं. लिवायची गरज बी न्हवती.

मला असा राग आला म्हणता! पण खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं न्हवतं. मागल्या सभेत बायका बोलायला उठल्या, आत्तीला काय बी उमगलं न्हाय, आणि विश्वजितनंच मधी पडून सगळ्यांना खाली बसवलं. त्या रात्री आत्ती जेवली न्हाय.

"वर्षाराणी," ती मला म्हणाली, "ज्याला गाऱ्हाणं ऐकू येत न्हाय त्यानं खुर्ची अडवू नये. सभेपतोर तुझ्याच्यानं काय जमतंय का बघ. न्हायतर मी आपणहून सोडतो."

आमच्या कोल्हापूरकडं बायका बी 'मी सोडतो, मी येतो' असंच म्हणत्यात. पुण्याची पावणी हसत्यात. हसू देत.

आत्तीचं माहेर कबनूरचं. परकर नेसत होती तवापास्नं यंत्रमागांच्या खडखडाटात बसून सुताच्या कांड्या भरल्या, त्यात कान गेलं. कागलच्या डॉक्टरांनी तपासून आलेख काढून दिला. जाड आवाज येतोय, बारीक गेलाय. म्हंजे बाप्यांचं गुरगुरणं कळायचं, बायकापोरांचं बोलणं न्हाय. मशीन घ्या म्हणाले, घेतलं बी होतं. शेंगदाण्याएवढं ते, त्याचं बटण आत्तीच्या शेणामातीतल्या बोटांना घावायचं न्हाय. एक दिवस वैरण टाकताना गव्हाणीत पडलं आणि म्हशीनं खाल्लं. दुसरं घ्यायची आमची ताकद न्हवती.

आता मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई. कागलात माझं दुकान हाय. माईक, अँप्लिफायर, वरातीचे भोंगे, काय बी आणा, बोलतं करून देतो. अख्ख्या गावाची झोप उडवणारे भोंगे दुरुस्त करणाऱ्या बाईला एका कानापुरता अँप्लिफायर जमू नये व्हय?

बसलो. मोबाईलमध्ये असतो तसला बारका माईक घेतला, एक चिप, जुन्या मोबाईलची बॅटरी आणि इअरफोन. आवाज कमीजास्त करायला रेडिओला असतं तसलं चांगलं मोठं गोल बटण, आत्तीला अंधारात बी घावंल असलं. जाड आवाज गाळून बारीक तेवढा वाढवायला डॉक्टरांच्या आलेखाबरहुकूम कपॅसिटर निवडलं. आणि कानाला इजा नको म्हणून दोन डायोड घातले. आवाज फार मोठा झाला की हे डायोड त्याचा शेंडा छाटून टाकत्यात. हे सगळं बसवायला आत्तीची मिश्रीची पत्र्याची डबी उचलली.

"अगं, मग मी मिश्री कशात ठेवू?" आत्ती कावली.

मी खुणेनं सांगितलं, आधी कान, मग दात.

डबी काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली, बटण फिरवलं. मामा, म्हंजे माझे सासरे हंबीरराव, म्होरं सरसावले आणि शिवारातनं हाळी द्यावी तसं ओरडले, "चिमणेऽऽ, ऐकू येतंय काऽऽ?"

आत्तीनं इअरफोन उपटून फेकला. "काय मेलं ते! पत्र्यावर दगडं पडल्यागत नुसतं खडखडतंय. एक अक्षर कळंना."

मी चिप बदलली. अमरसिंह, माझा नवरा, बेंबीच्या देठापास्नं ओरडला. खडखड. माईक बदलला. शेजारीण येऊन ओरडून गेली. खडखड. सगळं उकलून परत जोडलं आणि ह्या खेपेला मीच 'हॅलो, हॅलो' करून घसा फोडला. तरी खडखड! हातोडी घेऊन त्या डबीचा चेंदामेंदा करावा असं वाटलं. सभा परवावर आली होती, आणि आत्तीनं राजीनामा कसा लिवत्यात ते अमरसिंहाला इचारलं.

दुसऱ्या दिवशी उठलो तर माझा घसा पार बसलेला. आवाजच फुटंना. आत्ती गोठ्याच्या दारात बसली होती. माझं मन राखायला म्हणून डबी गळ्यात, इअरफोन कानात. मी मागनं गेलो आणि सवयीनं, जेवढा वारा निघंल तेवढ्यात पुटपुटलो, "आत्ती, च्या ठेवलाय."

"ठेव तिथं," आत्ती म्हणाली, "धार काढून येतो."

आणि गर्रकन वळून माझ्याकडं बघाय लागली. मी तिच्याकडं. दोघींच्या बी तोंडातनं शब्द निघंना. माझा तर निघणारच न्हवता!

मग डोक्यात उजेड पडला. मशीन पहिल्या दिवसापास्नं ठणठणीत होतं. मोठ्या आवाजाचा शेंडा छाटायला डायोड मीच घातले, आणि त्यांच्याम्होरं आम्ही मोठ्या आवाजाबिगर काय ठेवलंच न्हवतं. बहिऱ्या माणसाशी ओरडूनच बोलायचं, ही आमच्या घरादाराची सवय. शब्दाशब्दाचा शेंडा छाटला जायचा आणि उरायची ती खडखड. आमच्यातल्या एकाला बी साधं बोलून बघावं असं सुचलं न्हाय. धन्य ते घराणं!

मी अजून एकदा पुटपुटलो, "खरंच येतंय ऐकू?"

आत्तीचं डोळं भरून आलं. "व्हय की गं," ती म्हणाली. "किती वर्सांनी ह्या घरात कुणीतरी माझ्याशी भांडल्याबिगर बोललं."

मी तिच्या गळ्यात पडून रडलो. लाज कसली त्यात.

सभा संस्थेच्या शेडात होती. पुढं बाप्ये, मागं भिंतीला टेकून बायका. विश्वजितनं ठराव वाचला आणि वर म्हणाला, "मला खुर्चीची हौस न्हाय. पण अध्यक्षाला सभासदाचं म्हणणं ऐकू यायला पायजे का नको? मागल्या कुणाबी बाईनं उठून माईकबिगर बोलावं. चिमणाबाईंना कळलं तर हा ठराव मी फाडून टाकतो."

मागनं नेमकी झुंबरबाई उठली. एका म्हशीवर घर चालवणारी विधवा. हिचं बोलणं शेजारणीला बी धड ऐकू जात न्हाय. डोक्यावर पंखा घरघरत होता. मी धावत जाऊन तो बंद केला. शेजारी मामांनी आत्तीला ओरडून सांगायला 'आ' वासला, मी त्यांचा दंड धरून खाली ओढला, "मामा, पाया पडतो, गप बसा!"

आत्तीनं सगळ्यांदेखत गळ्यातल्या डबीचं बटण फिरवलं. झुंबरबाई पदर तोंडाशी धरून बोलली. पुढच्या बाप्यांना काय बी कळलं न्हाय, ते एकमेकांकडं बघाय लागले. विश्वजित हसला.

आत्ती सावकाश उभी राहिली.

"झुंबरबाई, तू रांगेत पहिली आलीस तरी तुझी किटली रोज मागं सारत्यात, आणि मग दूध नासलं म्हणून परत लावत्यात. व्हय न्हवं?"

झुंबरबाईनं मान हलवली. विश्वजित सेक्रेटरीच्या कानाला लागला.

"उद्या सकाळी किटली आणून माझ्याम्होरं ठेव. मी तिथंच उभी ऱ्हातो. बघू कोण मागं सारतंय ते. आणि विश्वजित, ते 'म्हातारीनं अंदाजानं ठोकलं' म्हणून तू आता सेक्रेटरीला सांगितलंस, ते बी ऐकलं बरं का मी."

शेड असं दणाणलं की बस! टाळ्या, शिट्ट्या, मामांची आरोळी. त्या गदारोळानं आत्तीनं कपाळाला आठ्या घातल्या आणि बटण मागं फिरवलं. विश्वजितचं तोंड एवढंसं झालं, पण गडी शब्दाला जागला. कागद फाडून खिशात घातला. माझी छाती फुगली ती अजून खाली बसली न्हाय.

पण खरी गंमत पुढंच झाली. मागच्या भिंतीजवळच्या बायका एकदम उठल्या. कुणाला पशुखाद्याचं सांगायचं होतं, कुणाला जनावरांचा डॉक्टर वेळेवर येत न्हाय त्याचं. मागल्या सभेत खाली बसवलेल्या ह्याच त्या. एकीच्या अंगावर एक, सगळ्याच ओरडाय लागल्या.

आत्तीनं हात वर केला.

"ओरडू नका गं," ती म्हणाली. "हळू, एकेकीनं बोला. सगळ्यांचं ऐकल्याबिगर मी हितनं हलत न्हाय."