भैरीचं वाण

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कुशीतल्या वाडीवर थंडी लवकर उतरते आणि नाचणी उशिरा पिकते. दाणा भरायच्या वेळीच कणीस गारठतं. म्हणून १९३१ साली शेतकी खात्याने मला तिथे पाठवलं: थंडीआधी पिकणारं वाण काढायचं. पद्धत सोपी. सगळ्यांत आधी पिकलेल्या कणसांचं बी धरायचं आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचं.

दोन वर्षांत माझी नाचणी सहा दिवस उशिरा पिकू लागली. मी मातीवर, खतावर आणि शेवटी जिथे शिकलो त्या शेतकी कॉलेजवर संशय घेतला. तिसऱ्या वर्षी खात्याचे साहेब स्वतः पाहायला येणार होते. लवकर पिकलेली कणसं दिसली नाहीत तर प्रयोगाचा वाफा बंद आणि मी काकांच्या वखारीत. या खेपेस मी पहिल्या बारा कणसांना लाल दोरा बांधला. साहेब यायच्या चार दिवस आधी पाहतो तर बाराही ताटांची मुंडकी गायब.

वाफा रंगूबाईंच्या जमिनीत होता. त्या बांधावर गवत कापत होत्या. त्यांना विचारलं.

“देवाला वाहिली,” त्या म्हणाल्या. “पयलं पिकलेलं भैरीचं. दरसाल शोधून डोळं दुखायचं. यंदा तुमीच दोरा बांधून ठेवलात, बरं झालं.”

म्हणजे दोन वर्षं मी देवाने मागे ठेवलेलं बी पेरत होतो.

देवळात आढ्याला कणसांच्या जुड्या टांगल्या होत्या, जुन्या धुराने काळवंडलेल्या. प्रत्येक वर्षाचं सगळ्यांत लवकर पिकलेलं बी. इतका नीट संग्रह आमच्या खात्याकडेही नव्हता. गुरव येसाजी म्हणाले, कौल लावू, उजवं फूल पडलं तर न्या. डावं पडलं. पुन्हा लावला, पुन्हा डावं. दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढता येत नाही, असं मी त्यांना समजावलं. त्यांना पटलं नाही. रंगूबाईंना पटलं.

“भैरी, तुला हितं उबेत बसून काय कळणार रे?” त्या देवापुढे वाकून म्हणाल्या. “माझी नाचणी गारठून मरते. बी दे, दुप्पट वाहीन.”

उजवं पडलं. त्या फुलाच्या फार जवळ वाकल्या होत्या, हे मी नोंदवहीत लिहिलं नाही.

चार दिवसांनी साहेब आले. त्यांनी जुड्या पाहिल्या, एक दाणा चावला, मग वही उघडली. ‘बियाणे कोणाकडून’ या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

“हे भैरी किती एकर करतात?”

“स्वतः काही करत नाहीत,” मी म्हणालो. “निवड मात्र चोख आहे.”

“मग त्यांना आपल्या खात्यातच घ्यायला हवं,” साहेब म्हणाले आणि वाफा आणखी दोन वर्षं चालू ठेवण्याचा शेरा मारला.